घोरपडीचे डोळे

मागच्या चैत्रात मी एक घोरपड घेऊन उंद्रीला, माझ्या गावी गेले.

घोरपड कागदावरची. पुठ्ठ्याच्या लांब नळकांड्यात गुंडाळून एसटीच्या वरच्या फळीवर आडवी ठेवलेली. चिखलीला गाडी बदलली तेव्हा शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "नळीत काय हाय वं बाई, नकाशा?" मी हो म्हणून टाकलं. घोरपड आहे म्हटलं असतं तर बिचारी उठून उभी राहिली असती.

मी पुस्तकांची मुखपृष्ठं रंगवते. केस पांढरे झाले त्यात. कवितासंग्रह, कादंबऱ्या, पाककृती, एकदा तर पंचांगही. पण या वेळचं पुस्तक निराळं होतं, खेळाचं पुस्तक. त्यात वाचणारा स्वतःच नायक असतो. परिच्छेद संपला की त्याला विचारतात, डावीकडच्या दारानं जाणार असशील तर अमुक पान उघड, उजवीकडच्या दारानं जाणार असशील तर तमुक. चुकीचं पान उघडलं की गोष्टीतला तू मरतोस आणि खेळ पहिल्यापासून सुरू. गोष्ट होती एका अफाट खोल बारवेची. सगळ्या मुलखातलं पाणी आटलंय, पायऱ्या उतरता उतरता माणसं हरवतात, आणि अगदी तळाशी शेवटचं पाणी राखत बसलेली एक म्हातारी घोरपड. रेड्याएवढी. पाठीवर शेवाळ, खवल्यांच्या खाचांत विझलेल्या पणत्या. मुखपृष्ठावर तीच हवी होती. नायक काढायचाच नव्हता, कारण नायक पुस्तक हातात धरून बाहेर बसलेला.

माझी एक पद्धत आहे. आधी काड्यापेटीएवढी चित्रं काढायची, वीस-पंचवीस. एवढ्याशा जागेत जे उमटतं तेच दुकानाच्या फळीवर लांबून दिसतं. त्यातलं एक निवडून मोठं करायचं, वर नावासाठी जागा मोकळी ठेवायची, उजेड कुठून येतो ते ठरवायचं. घोरपडीसाठी मी जुने फोटो जमवले, बांधावर पाहिलेली खरी घोरपड आठवली, तिची दुभंगलेली जीभ, कोपरातून वळलेले पाय. कच्चं चित्र झालं. पुस्तकाची संपादक अनुजा, माझ्या भाचीच्या वयाची, तिला पाठवलं. तिनं परत पाठवलं. दुसरं केलं. तेही परत आलं. तिसऱ्याला तिचा फोनच आला.

"ताई, अंग जबरदस्त झालंय हो. नखं, खवले, तो ओलसरपणा. पण हिला पाहून मला फक्त पळावंसं वाटतं. पुस्तकात तिच्यासमोर तीन वाटा आहेत, लढायचं, पळायचं किंवा तिच्याशी बोलायचं. ती तिसरी वाट मला चित्रात दिसतच नाहीये."

 मग ती हळूच म्हणाली, "छपाई पुढं नाही ढकलता येणार. या आठवड्यात कच्चं चित्र नाही जमलं तर मला दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागेल. रागावू नका."

रागावली असती तर मीही भांडले असते. ती मऊ बोलली म्हणून लागलं.

डोळ्यांतच चूक आहे एवढं मला कळत होतं. डोळे मोठे केले, बारीक केले, पिवळे केले, लाल केले. घोरपड नुसतीच घोरपड राहिली. त्याच दिवशी उंद्रीहून मायचा फोन आला. माय ऐंशीच्या पुढची. फोनवर ती कसं काय वगैरे विचारत नाही, सरळ कामाचं बोलते. "शमीमआपाच्या डोळ्याचं आपरेशन झालं. तुह्यी आठवण काढून राह्यली होती. येऊन जाय." मी कागद गुंडाळला आणि निघाले.

स्टँडवर उतरलं की रस्त्यापलीकडे आता मोबाइलचं दुकान दिसतं. दारात रंगीबेरंगी कव्हरांच्या माळा, आतून कसली तरी धडधड गाणी. मी रस्ता ओलांडला आणि दुकानाच्या पायरीशी थांबले. पायरी तीच आहे, डाव्या कोपऱ्यात झिजलेली. आणि उभ्या उभ्या मला हायपोचा, फोटो धुवायच्या औषधाचा वास आला. तिथं तो येण्याचं काही कारण नव्हतं, पण आला.

तेव्हा इथं खलीलभाईंचा फोटो स्टुडिओ होता. दारात काचेची पेटी, तिच्यात गालांवर गुलाबी रंग चढवलेल्या नवऱ्या, टेबलावर बसवलेलं गुबगुबीत बाळ, मिशांना पीळ दिलेला एक फौजदार. आत तीन पायांचा कॅमेरा आणि काळं फडकं. मागच्या भिंतीवर रंगवलेला पडदा, त्यावर तळं, दोन राजहंस आणि कुठंच न पोचणारा एक संगमरवरी जिना. त्या जिन्यापुढं अख्ख्या पंचक्रोशीनं फोटो काढून घेतले. पडद्यामागे लाल दिव्याची अंधारी खोली, तिच्यामागे अंगण, आणि अंगणाच्या टोकाला उत्तरेकडं खिडकी असलेली शमीमआपाची खोली.

खलीलभाई फोटो काढायचे आणि आपा ते रंगवायची. तेव्हा फोटो काळेपांढरेच निघत. ज्याला रंगीत हवा त्याचा आपाकडे जाई. फोटो अंगणात दोरीवर चिमट्यांनी लटकवून वाळत घातलेले असत, शेजारी तिच्या लेकाची झबली. हायपोचा आंबट वास, ओल्या कागदाचा वास, आणि त्यांत मिसळून तिच्या चुलीवरची लसणाची फोडणी. पलीकडे पिठाची गिरणी पुकपुकत राही. मधूनच कंडक्टरची घंटी, मधूनच खलीलभाईंचा आवाज, "हिलू नका... हिलू नका... झालं."

आपाच्या रंगांचं एक पुस्तक होतं. खरंच पुस्तक, तळहाताएवढं, आणि त्याच्या पानापानावर रंग सुकवून बसवलेला. पान लाल, पान केशरी, पान मोरपंखी. ती कात्रीनं पानाचा नखाएवढा तुकडा कापायची, कपबशीतल्या पाण्यात टाकायची, आणि पाणी हळूहळू त्या रंगाचं व्हायचं. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून ती रंग उचलायची, टिपकागदावर टेकवून पाहायची आणि मग फोटोवर फिरवायची. इतका पातळ की खालची सावली दिसत राहावी. "रंग थापायचा नाही, बेटा," ती म्हणायची. "रंग बसू द्यायचा."

लोक काय काय मागत! लुगडं मोरपंखी करा. पागोटं गुलाबी करा. एकानं मनगटावर घड्याळ मागितलं. एका नवरीनं हळूच येऊन गळ्यात पोहेहार काढून मागितला. लग्नात नव्हता म्हणाली. आपानं कधी कुणाला नाही म्हटलं नाही. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झालेली असत, पोहेहाराची पानं नीट मोजून दोन्ही बाजूंना सारखी. मी एकदा विचारलं, "आपा, हे खोटं नाही का?" ती कापूस बदलत म्हणाली, "खोटं कायचं? मनात होतं ते वर आलं. फोटो त्यायचा हाय."

मी तिच्याकडे गेले ते बाबांच्या फोटोमुळं.

बाबा गेले तेव्हा मी अठराची होते. कसे गेले ते इथं सांगत नाही. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. ते कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. तिथल्या सगळ्या माणसांचा मिळून काढलेला एक फोटो होता, आणि त्यात तिसऱ्या रांगेत त्यांचा चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. खलीलभाईंनी त्या दाण्याचा फोटो काढला आणि मोठा केला. हाती आला तो नुसता धूर. कुठं कपाळ संपतं आणि कुठं केस सुरू होतात ते कळेना.

आपानं तो धूर मायपुढं चटईवर ठेवला. "भाभी, आता तुमी सांगा. म्या तं भाईले रस्त्यानं जातानीच पाह्यलं."

"शर्ट पांढरा," माय म्हणाली. मग थांबून, "नाही, निळसर. माह्याकून नीळ जास्त व्हायची."

"रंग?"

"माह्याहून उजळ. मानेखाली काळे, उन्हानं."

"आन् डोळे?"

"काळे. सगळ्यायचे रायतात तसे."

मी दारात उभी होते. मला राहवलं नाही. "नाही माय. उन्हात काकवीसारखे दिसायचे."

माय माझ्याकडे बघत राहिली. "खरंच का वं?" मग खाली पाहून अगदी हळू म्हणाली, "म्या कधी उन्हात त्यायच्या डोळ्याकडे पाह्यलंच नाही."

वीस वर्षांचा संसार झाला होता त्यांचा.  गिरणी तेवढी पुकपुकत होती. मग आपानं रंगांच्या पुस्तकातलं एक तपकिरी पान कापलं, कपबशी माझ्यापुढं सरकवली आणि खारीच्या केसांचा बारीक ब्रश माझ्या हातात दिला.

"मंग तूच लाव. ते काकवी मले तू सांगून कशी समजन?"

मी आयुष्यात लावलेला तो पहिला रंग. थेंब मोठा पडला, डोळ्याचं भोक झालं. आपानं टिपकागदाच्या टोकानं तो शोषून घेतला, जसं काही रोजच असं होतं. "डोळा भरायचा नाही. थोडी जागा मोकळी ठेव. उजीड कुठं बसन मंग?" दुसऱ्यांदा मी थेंब अर्धाच लावला. त्या धुरातून कुणीतरी पापणी उचलल्यासारखं झालं. मी ब्रश खाली ठेवला आणि अंगणात जाऊन उभी राहिले.

चार दिवसांनी माय फोटो न्यायला आली. कपाळ, केस, मान, सगळं आपानं धुरातून शोधून काढलं होतं. मायनं फोटो हातात घेतला, खिडकीशी नेला, बराच वेळ पाहिला. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "आपा, ही वरची गुंडी काऊन लावली?"

"म्हंजे?"

"वरची गुंडी तुटेल होती त्यायची. म्या रोज म्हनो, आज लावते, आज लावते."

आपानं पातं घेतलं, ती गुंडी अलगद खरवडली, आणि तिच्या जागी एक बारीक लोंबता दोरा काढला. मग फोटो परत मायच्या हातात दिला. तेव्हा माय रडली. वर्षभरात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवसापासून मी जाऊ लागले. कुणी बोलावलं नाही, कुणी हाकललं नाही. दोन लग्नसराया मी त्या खिडकीशी बसून काढल्या. गालाचा रंग आधी, ओठांचा नंतर. सोनं शेवटी, आणि सोन्याला पिवळा कमी, तपकिरी जास्त. उन्हाळ्यात रंग फार लवकर वाळायचा म्हणून माठाखाली कपबशा ठेवायच्या. रमजानात आपा दिवसभर पाण्याचा थेंब न घेता काम करायची, आणि ब्रशाला टोक आणायला ओठात धरायची सवय असल्यामुळं दर वेळी हात तोंडाशी नेऊन दचकून थांबायची. मग आम्ही दोघी हसायचो. संध्याकाळी ती माझ्यापुढं खजूर ठेवायची, चार. घरी जाऊन मी दोन मायला द्यायची.

मग रंगीत रोल आले. आपाच्या दोरीवरचे फोटो कमी झाले, आणि एका दिवाळीनंतर दोरीवर नुसते कपडेच दिसू लागले. तोवर मी चित्रकलेच्या शाळेत दाखल झाले होते. मला सोडायला माय आणि आपा दोघी स्टँडवर आल्या होत्या. माय पिशवीत काय काय भरलंय ते सांगत होती. आपा फक्त म्हणाली, "चेहरे करत राह्यजो."

मी पुष्कळ वर्षं चेहरे केले. तिला सांगायला मात्र क्वचितच आले.

आता मोबाइलच्या दुकानात तिचा मुलगा अस्लम बसतो. त्यानं मला ओळखलं, गाणी बंद केली आणि काउंटरची फळी उचलली. "अम्मी मागं हाय, जा ना ताई." अंधारी खोली आता सामानाची कोठी झालीय. अंगण तेवढंच आहे, फक्त मला लहान वाटलं. बाजेवर शमीमआपा बसली होती, डोळ्यांवर तो मोठा हिरवा चष्मा, डोक्यावरची ओढणी नीट ओढून. खलीलभाई जाऊन सात-आठ वर्षं झाली.

माझा आवाज ऐकताच तिनं मान वर केली. "आली का! थांब, बोलू नको, तुले पाहू दे." तिनं चष्मा वर केला. उजवा डोळा स्वच्छ, पाण्यासारखा. डावा अजून ढगाळ, त्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. "म्हतारी झाली वं तू!"

"झाले ना आपा."

"आन् हे भित पाह्य." तिनं अंगणाच्या भिंतीकडे बोट केलं. "हे निळी हाय! इतके साल म्या हिले हिरवी समजून राह्यली होती. कोनी सांगतलंच नाही. आभाळ पाह्य कसं धुवून टाकेल हाय. डाक्टरले म्हटलं, भाऊ, तुमी डोळा बसवला का नवं रंगाचं पुस्तक देलं?"

चहा झाला. नळकांड्याकडे बघून तिनंच विचारलं, "काय आनलं?" मी बाजेवर कागद पसरला. खरं तर दाखवायची लाज वाटत होती. आपानं तो जवळ ओढला, चांगला डोळा अगदी कागदाला लावून नाकापासून शेपटीपर्यंत घोरपड पाहिली, जसे पूर्वी फोटो पाहायची.

"हात चांगला झाला तुहा," ती म्हणाली. "पन हे कोनाले पाहून राह्यली?"

"वाचणाऱ्याला. समोरच्याला."

"नाही. हे कोनालेच पाहून नाही राह्यली. अस्लमच्या अब्बाच्या कॅमेऱ्याले लोक पाहेत ना, काचेले, तसं हाय हे. मंग म्या काय करो, आठवते का?"

मला आठवलं. फोटो काढताना खलीलभाई हाक मारायचे आणि आपा हातातलं काम सोडून कॅमेऱ्याच्या बाजूला येऊन उभी राहायची. काही बोलायची नाही. घाबरलेली नवरी, रडवेलं पोर, ताठरलेला म्हातारा, सगळे काचेवरून नजर काढून तिच्याकडे पाहायचे, आणि त्यांच्या डोळ्यांत माणूस यायचा.

"ते करते काय तिथं?" आपानं विचारलं.

"पाणी राखते. बारवेच्या तळाशी."

"कवापासून?"

"हजार वर्षं झाली असतील."

"एकलीच?"

"एकटीच."

आपानं कागदावरून हात फिरवला. "मंग कोनी पायऱ्या उतरून आलं, तं तिले आधी बरं नाही वाटनार का? खाईन, नाही खाईन, ते मंगचं. आधी तं तिले वाटन, आलं बाप्पा कोनी तरी."

 महिनाभर मी नखं घासत होते, खवले मोजत होते. त्या म्हाताऱ्या घोरपडीला काय वाटत असेल, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"आपा," मी म्हणाले, "मी तुमचे डोळे काढू का?"

"आत्ताच तं डाक्टरनं एक काढून बसवला, आता तू काढतं?" ती इतकी हसली की दुकानातून अस्लम डोकावला. "घोरपडीले माह्ये डोळे लावतं? लोक काय म्हनतीन?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही."

 मग तिनं हिरवा चष्मा काढून उशाशी ठेवला, ओढणी सारखी केली आणि बाजेवर सरळ होऊन बसली. "एवढ्या लोकायचे डोळे म्या केले. माह्ये कोनीच नाही केले. काढ."

सावली अंगणाच्या मध्यावर येईपर्यंत मी काढत होते. एक डोळा लख्ख, एक धुक्यातला. दोन्ही माझ्यावर रोखलेले. त्यांत थोडा दरारा, थोडी थट्टा, आणि खूप दिवसांनी आल्याबद्दलची थोडी तक्रार. तिनं एकदाच विचारलं, "थकली का?" खरं म्हणजे तिच्या डोळ्यातून पाणी येत होतं. तिनं ते पुसलं आणि परत तसंच पाहिलं.

पुण्याला घरी परतल्यावर चौथं कच्चं चित्र पाठवलं. अनुजाचं उत्तर एका ओळीचं होतं, "ताई, मला हिच्याशी बोलायचंय."

मग खरं काम सुरू झालं. पक्का पुठ्ठा घेऊन मी आधी सगळं चित्र काळ्यापांढऱ्यात पूर्ण केलं, पायऱ्या, पाणी, पणत्या, पाठीवरचं शेवाळ, जणू तो एक जुना फोटोच आहे. त्यावर रंगाचे पातळ थर. एक वाळला की दुसरा. तळाच्या पाण्याला निळा, त्यावर हिरवा, त्यावर पुन्हा अगदी पुसट निळा. तरुण चित्रकार मला विचारतात, अशी खोली येते कशी? मी सांगते, उंद्रीत शिकले. त्यांना वाटतं मी गंमत करते. अकराव्या दिवशी फक्त डोळे राहिले. त्या दिवशी मी फोन बंद ठेवला, दोन्ही डोळ्यांत उजेडाला जागा सोडली आणि ब्रश धुऊन टाकला.

मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर माझं नाव येतं. मी अनुजाला त्याखाली आणखी एक ओळ घालायला सांगितली. तिनं कारण विचारलं, मी सांगितलं, तिनं घातली.

पुस्तक आलं तेव्हा तुरी फुलल्या होत्या आणि कापसाची वेचणी चालली होती. मी मायला घेऊनच आपाकडे गेले. आता आपाचे दोन्ही डोळे स्वच्छ झाले होते. तिनं पुस्तक हातात घेतलं, मुखपृष्ठ लांब धरलं, जवळ धरलं. माय वाकून बघत होती. "आपा," ती म्हणाली, "हे तं तुमीच हात!"

"मीच हावो," आपा म्हणाली. "जरा जाडी झाली."

मी आतलं पान उघडून वाचलं. "मुखपृष्ठ" यापुढं माझं नाव. त्याखाली, "घोरपडीचे डोळे : शमीमआपा, उंद्री."

आपानं पुस्तक माझ्या हातातून घेतलं. मराठी अक्षरं तिला लावून लावून वाचावी लागतात. तिनं बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. मग म्हणाली, "अस्लमच्या अब्बाचा शिक्का राहे फोटोच्या मागं. माह्यं नाव कुठंच नोह्यतं."  पुस्तक तिनं मांडीवरून खाली ठेवलं नाही. मला त्या क्षणी तिला पुष्कळ सांगायचं होतं, एवढ्या वर्षांचं सगळं. 

"चाल, आता वाच," पुस्तक माझ्या हाती देत तीच म्हणाली. "खेळ कसा हाय तो?"

मी वाचत गेले आणि त्या दोघी वाटा निवडत गेल्या. माय दर दारापाशी परत फिरू म्हणायची, आपा दर दारातून आत जाऊ म्हणायची. पहिल्यांदा आम्ही तिसऱ्याच पायरीवर मेलो. दुसऱ्यांदा वटवाघळांनी खाल्लं. "तुमच्यापायी मेलो," माय म्हणाली. "मरू द्या भाभी, फिरून जाऊ," आपा म्हणाली. अस्लम दुकान नोकरावर सोडून येऊन बसला आणि त्यानं सांगितलेल्या वाटेनं आम्ही सगळेच बुडालो. चौथ्या खेपेला मात्र आम्ही तळाशी पोचलो. पणत्या विझलेल्या, पाणी शांत, आणि समोर ती. मी वाचलं, लढायचं असेल तर हे पान, पळायचं असेल तर ते, बोलायचं असेल तर...

"पळा!" माय म्हणाली.

"पळायचं कायले?" आपा म्हणाली. "बोलू ना तिच्यासंग."

"आपा, खाईन ते!"

तेवढ्यात असरची, दिवस कलतानाची अजान झाली. आपा बाजेवरून उतरली, ओढणी सावरली, आणि मायकडे बोट करून म्हणाली, "म्या नमाज पढून येतो. तोवर कोनी पुढं जायाचं नाही."

ती आत गेली, अस्लम दुकानाकडे. मला उत्सुकता होती, खोटं कशाला बोलू. पुस्तक मी रंगवलं होतं, पण तिथपर्यंत खेळले नव्हते. मी पान उलटायला हात पुढं केला. मायनं पानांत आपलं बोट घालून पुस्तक मिटलं आणि छातीशी धरलं.

"थांब," ती म्हणाली. "आपा येऊ दे."

आम्ही दोघी त्या निळ्या भिंतीला टेकून, दाराकडे बघत बसलो.